अर्धी चटणी, अर्धा पासवर्ड

ज्या पासवर्डवर तुमचं पोट चालतं, तो या घडीला नेमका कुणाकुणाला ठाऊक आहे, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल का? घाई करू नका. काम सोडून गेलेला तो मुलगा आठवा, ज्याला तुम्ही 'तात्पुरता' म्हणून सांगितला होता. 'जरा एक फोन करतो' म्हणून मोबाइल घेऊन गच्चीवर गेलेला मेहुणा आठवा. आला ना घाम? मग पुढचं वाचा. नसेल आला, तर दोनदा वाचा.

मी पत्रकांवर वाढले. सीमाभागातल्या आळंदच्या आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि पलंगाचा एक पाय मोडलेला असल्यामुळे तो त्या गठ्ठ्यांवरच उभा होता. अप्पा शाळेत गणित शिकवत. पण सुट्टी लागली की सायकलच्या कॅरियरला गठ्ठा बांधून गावोगाव निघत. हुंड्याविरुद्ध पत्रक, भानामतीच्या भीतीविरुद्ध पत्रक, पाण्याच्या टाकीवरच्या रांगेत होणाऱ्या अन्यायाविरुद्ध पत्रक. त्यांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक वाचनालयावर होतं. वाचनालय रोज उघडायचं, पण पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली एका माणसाच्या गळ्यात, जानव्यासारखी. तो माणूस लग्नाला गेला की अख्खं गाव निरक्षर. अप्पांनी मोठ्या टाइपात छापलं: 'किल्ली एकाच्या गळ्यात, अंधार सगळ्यांच्या डोळ्यांत!'

मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवर. त्यामुळे आयुष्यात मी पहिला शब्द वाचला तो 'बंधू-भगिनींनो'. मला दुसरी भाकरी हवी असली की मी मागत नसे, निवेदन देत असे. चौथीत गाईवर निबंध आला तेव्हा मी लिहिलं की गाय हा उपयुक्त प्राणी आहे, परंतु तिच्या दुधावर वासराचा पहिला हक्क का मानला जात नाही, याचा जाब कोण देणार? गुरुजींनी निम्मे गुण कापले. अप्पांनी त्या संध्याकाळी भजी आणली.

पुढे मी संगणकाचं शिकले आणि बंगळुरूच्या एका कंपनीत लागले. तिथं काय दिसावं? वाचनालयाचं कपाट! प्रोग्राममध्ये बदल केला की तो लोकांपर्यंत पोचवणारं एक साधन असतं. त्याला रिलीज टूल म्हणतात. आम्ही पंधरा-वीस जण राबून बदल तयार करायचो, आणि शेवटचं बटण दाबायला लागणारा पासवर्ड फक्त साहेबांना ठाऊक. साहेब एकदा सासुरवाडीला गेले. सासुरवाडी डोंगरात, मोबाइलला रेंज नाही. आम्ही सगळे कॉफी पीत बसलो. मी मात्र बसले नाही. मी पत्रक काढलं. वर अप्पांची ती ओळ, खाली माझं नाव, आणि ते कॉफीच्या मशीनवर चिकटवलं. साहेब परत आल्यावर मला बोलावणं आलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"खाली नाव आहे," मी म्हणाले. निनावी पत्रक काढणाऱ्यांतली मी नव्हे.

त्यानंतर मी घरून काम करण्याची परवानगी मागितली, आणि कंपनीनं ती इतक्या आनंदानं दिली की मला थोडा अपमान वाटला.

अशी मी आळंदला परतले आणि आत्याच्या हाती सापडले.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. गल्लीतल्या बायकांचा एक गट ती चालवते. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, असला माल पुण्या-सोलापूरला, बंगळुरूला राहणाऱ्या आपल्या लोकांना बसनं पाठवायचा. पूर्वी सगळं फोनवर चालायचं. मी आल्यावर आत्या म्हणाली, "इतकी शिकलीस, तर आमाला एक ॲप काढून दे." ते खरं तर ॲप नव्हतं, साधं वेबसाइटचं पान होतं, पण पान म्हटलं तर आत्याला ते कमीपणाचं वाटे. मी ते कंपनीचं काम संपल्यावर फुकट बनवलं. त्याला रिलीज टूल जोडलं. आत्यानं त्याचं नाव 'गाडी' ठेवलं. बदल तयार झाला की ती विचारायची, "गाडी सोडली का?"

आता प्रश्न आला गाडीच्या पासवर्डचा. आत्या म्हणाली, "तूच ठेव की." मी उभी राहिले. अंगणात चार बायका शेंगा निवडत होत्या. त्यांच्यासमोर मी सत्तेच्या केंद्रीकरणावर बोलले. कपाट, किल्ली, साहेबांची सासुरवाडी, सगळं आलं. एकीच्या हाती सगळं दिलं की ती एक दिवस मालकीण होते, हे मी पटवून दिलं. शेवटी ठराव झाला: पासवर्डचे चार भाग करायचे. एक आत्याचा, एक चटणी करणाऱ्या अक्काचा, एक शिलाईवालीचा, एक अंगणवाडीतल्या बाईंचा. प्रत्येकीनं आपला भाग आपण ठरवायचा आणि चौघी जमल्याशिवाय गाडी हलायची नाही. मला, म्हणजे गाडी बनवणारीला, एकही भाग नाही. तंत्रज्ञ हा जनतेचा नोकर असतो.

मी लगेच पत्रक छापून आणलं. 'आपला भाग कागदावर लिहू नये. मोबाइलात साठवू नये. कुणालाही सांगू नये, नवऱ्यालासुद्धा नाही. फारच अडचण आल्यास मला, फक्त मला, तोंडी सांगावा.' नवऱ्याच्या वाक्याला टाळ्या पडल्या. चटणीवाल्या अक्कानं ते पत्रक चुलीवरच्या भिंतीला चिकटवलं. पासवर्ड बदलायची वेळ आली तर टूल एक आकडा मोबाइलवर पाठवतं. त्यासाठी गटाचं वेगळं सिम घेतलं. सगळ्यांत शिस्तीची म्हणून ते सिम अक्काच्या मोबाइलात घातलं. शिस्तीच्या माणसाशी गाठ पडणं म्हणजे काय, हे तेव्हा मला कळलेलं नव्हतं.

गाडी सोडायचा आमचा विधी बघण्यासारखा असे. लॅपटॉप आत्याच्या स्वयंपाकघरात पाटावर. चौघी रांगेनं येणार. एक जण टाइप करत असताना उरलेल्या तिघींनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मी तर तत्त्वासाठी बाहेर अंगणात जायची, लिंबाखाली, पाठमोरी. शिलाईवाली एका बोटानं टाइप करायची, पण ते बोट शिलाई मशीनच्या सवयीनं एकाच जागी दोनदा पडायचं. पासवर्ड चुकला की पडद्यावर नुसते काळे ठिपके, त्यामुळे चूक कुणाची ते कळायला मार्ग नाही. मग संशयाचं वातावरण.

"माझं बराबर व्हतं."

"माझं बी बराबर व्हतं. तुजंच बोट जड हाय."

"माझ्या बोटाला बोलायचं काम न्हाई!"

पुन्हा रांग, पुन्हा भिंत, पुन्हा लिंब. एकदा कोथिंबिरीचा फोटो बदलायला अख्खी दुपार गेली. मी लिंबाखाली उभी राहून समाधानानं विचार करत होते, की लोकशाहीला वेळ लागतोच.

मग येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्या भागात सगळे रानात जेवायला जातात, आणि शहरात गेलेल्यांना त्या दिवशी गावची भाकरी फार आठवते. आत्यानं हे ओळखलं होतं. तिनं बायकांना सांगितलं, "तुरी काढायला जाऊ नका, चार दिवस माझ्याकडं या, येळवशीचं काम हाय." आणि त्या आल्या. तुरीच्या रानातली नक्की मजुरी सोडून आत्याच्या शब्दावर आल्या. ज्वारी दळून आली. पिठाची पोती सोप्यात उभी राहिली. ज्वारीचं पीठ ताजं असतं तोवर हाताचं ऐकतं. शिळं झालं की भाकरी कडेनं फाटते आणि कडू लागते. म्हणजे आज ऑर्डरी आल्या तर सगळं ठीक, नाहीतर कडू पीठ आणि त्याहून कडू बायका, आणि मधे आत्याचा शब्द.

माझ्याकडे नवीन पान तयार होतं. वर 'येळवशीचा डबा' असं ठळक बटण, खाली नवा फोटो. दुपारच्या आत ते लोकांपर्यंत पोचलं तर संध्याकाळपर्यंत ऑर्डरी, रात्री भाकऱ्या, सकाळी बसनं पार्सलं. सकाळी दहालाच तिघी जमल्या. चौथी नाही. चटणीवाल्या अक्काच्या दाराला कुलूप.

मी फोन लावला.

"अक्का, कुठं हायस?"

"बसमधी. हिप्परग्याला जायलेय, धाकल्या भैनीकडं."

"अगं, आज गाडी सोडायचीय!"

"सोड की. मी धरून ठेवलीय व्हय?"

"तुझा भाग पायजे ना, अक्का."

पलीकडून नुसता बसचा खडखडाट आला. मग अक्का एकेक शब्द चावून बोलली, "नवा फोटो बघितला मी. काल तुज्या आत्यानं दावला."

मी आत्याकडे पाहिलं. आत्या छताकडे पाहू लागली.

तो फोटो मीच काढला होता. मधोमध कडक भाकऱ्यांची उतरंड, चांगली उंच, वर उन्हाची तिरीप. आणि उजव्या कडेला चटणीची वाटी. म्हणजे अर्धी वाटी. उरलेली अर्धी फोटोच्या बाहेर गेली होती.

"अक्का, ते जरा कडेला गेलं..."

"माझी चटणी अर्धी कापलीस. मग पासवर्ड बी अर्धाच घे. मोठा के. त्याच्या म्होरं गोल शेपटीचं चिन्ह. बास." आणि तिनं फोन ठेवला. गोल शेपटी म्हणजे ईमेलमधलं 'ॲट'.

अंगणवाडीतल्या बाई म्हणाल्या, "दुसरी वाट नाही का?" वाट होती. 'पासवर्ड विसरलात?' असं विचारणारी एक ओळ टूलमध्ये असतेच. तिच्यावर बोट ठेवलं की नवा पासवर्ड ठरवण्यासाठी आकडा येतो. तो येतो गटाच्या सिमवर. सिम अक्काच्या मोबाइलात. मोबाइल अक्काच्या कनवटीला. अक्का बसमध्ये, फुगलेली.

"स्कूटीवर जाऊन बस अडवू?" मी विचारलं.

"अडवून काय करशील? तिच्या तोंडात हात घालशील?" आत्या म्हणाली. "फोटो बदल."

"आत्या, ही अडवणूक आहे! एका व्यक्तीनं सगळ्या गटाला वेठीला धरणं..."

"चार भाग कुणी केलते?"

यावर उत्तर होतं, पण लांब होतं आणि वेळ कमी होता. मी मोबाइल घेऊन अंगणात गेले. आत्यानं बरणीतून ताजी चटणी वाटीत काढली आणि वाटी भाकऱ्यांच्या ताटात ठेवली. अप्पा वाचत असलेलं वर्तमानपत्र ठेवून बाहेर आले, हकिगत ऐकली आणि ताबडतोब अक्काच्या बाजूला गेले.

"तिचं बरोबर आहे," ताट उन्हात धरत ते म्हणाले. "भाकरीला मधली जागा आणि चटणीला कोपरा, हे कुठल्या न्यायानं? समान प्रतिनिधित्व पाहिजे."

"अप्पा, ताट सरळ धरा."

मी नवा फोटो काढला, पानात घातला, पान कसं दिसेल त्याचं चित्र अक्काला पाठवलं. लगेच तिचा फोन आला. बसच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून तिनं स्पीकर लावलेला, त्यामुळे आता फोनवर एकटी अक्का नव्हती, सबंध बस होती.

"वाटी मागं दिसायलीय," अक्का म्हणाली.

"मागंच हाय ती," एक पुरुषी आवाज आला. "भाकरी म्होरं येऊन बसलीय बगा."

"केंपु इल्ला," कुणी बाई कन्नडमध्ये बोलली. चटणी लाल दिसत नाही म्हणे.

"आमच्या उमरग्याला याच्यापेक्षा..."

"उमरग्याचं ऱ्हाऊ द्या! हितं चटणीचं चाललंय," हा कंडक्टर असावा, कारण त्यानंतर सगळे गप्प झाले. मग तो मला म्हणाला, "ताई, असं करा. वाटी म्होरं घ्या, भाकरी मागं उभी करा, भिंतीवानी. वर एक कांदा ठेवा."

कांद्याला कुणाचाच विरोध नव्हता. अप्पांनी कांदा फोडला. मी वाटी पुढं घेतली, भाकऱ्या मागं भिंतीवानी उभ्या केल्या. दोन भाकऱ्या पडून फुटल्या, त्या आम्ही खाल्ल्या. तिसरा फोटो गेला. मोबाइल बसमध्ये पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत फिरला असावा, कारण बराच वेळ नुसती कुजबुज ऐकू येत होती. शेवटी कंडक्टर ओरडला, "पास!"

"पास," अक्काही म्हणाली, आणि तिच्या आवाजातली गाठ सुटल्याचं मला इथं कळलं. "घे आता सगळं सांगते."

"थांब, अक्का! आधी स्पीकर बंद कर."

"कसा करायचा? ह्येला दाबलं की तूच बंद पडतीस."

"मग लिहून पाठव."

"लिहायचं न्हाई!" अक्का कडाडली. "तूच छापलंस. चुलीवर लावलंय मी. 'कागदावर न्हाई, मोबाइलात न्हाई, तोंडी सांगावा.' आता तोंडी सांगायलेय तर नाटकं करायलीस!"

माझंच पत्रक माझ्यासमोर उभं राहिलं, आणि पत्रकापुढं मी कधी खोटं बोललेले नाही. "बरं, सांग," मी म्हणाले. "हळू सांग."

अक्का हळू बोलणारी बाई नव्हे. पण तिलाही गुपिताची जाणीव होती, हे मान्य करायला हवं. "मोठा के," ती म्हणाली, "गोल शेपटी, आणि सात." इथं ती थबकली. तिच्या लक्षात आलं की शेजारचा माणूस कान देऊन ऐकतोय. तेव्हा पुढचा आकडा तिनं कन्नडमध्ये सांगितला. "ऐदु."

"पाच," शेजारचा मदतीला धावला. "ऐदु म्हंजे पाच, ताई."

"तुमाला कुणी इचारलं?" अक्का त्याच्यावर उखडली आणि दखनी उर्दूत शिरली. "नौ!"

"नऊ बोले क्या?" मागून कुणीतरी विचारलं. "हां, नऊ बोले," दुसऱ्यानं खात्री दिली.

अक्काला आता चेव चढला. तिचं माहेर औरादकडचं. तिकडची तेलुगू तिच्याजवळ जपून ठेवलेली होती, आणि तिनं शेवटचं अस्त्र म्हणून तीच बाहेर काढली. "एनिमिदि!"

बस गप्प झाली. फोनच्या या टोकाला मीही गप्प झाले, कारण मला तेलुगू येत नाही. एक क्षण वाटलं, अक्का जिंकली. तेवढ्यात अगदी मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याचा आनंदानं भरलेला आवाज आला: "आठ! आठ म्हणायलीय! मी बी औरादचाच हाय!"

बसमध्ये टाळ्या वाजल्या. मी अंगणात उभी राहून हे ऐकत होते. या जिल्ह्यात गुपित सांगायला भाषा उरलेली नाही. आम्ही बाजारात एका भाषेत भाव करतो, दुसऱ्या भाषेत भांडतो आणि तिसऱ्या भाषेत समेट करतो. मग लपायचं कुठं?

त्यात लाइन तुटली. पुन्हा फोन आला तेव्हा मोबाइल कंडक्टरच्या हातात होता. आयुष्यभर गावांची नावं ओरडलेल्या आवाजात त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं: "घ्या ताई! मोठा के, गोल शेपटी, सात, ऐदु, नौ, एनिमिदि, शेवटी उद्गारचिन्ह! आलं का?"

"आलं का?" मागून बसनं विचारलं.

"आलं," मी म्हणाले. अक्कानं उद्गारचिन्ह निवडलं होतं, याचा मला त्या गडबडीतही अभिमान वाटला.

तिघींनी आळीपाळीनं भिंतीकडे तोंड करत आपापले भाग घातले, अक्काचा भाग मी घातला. शिलाईवालीचं बोट पहिल्याच फटक्यात बरोबर पडलं. गाडी सुटली. थोड्या वेळानं आत्याच्या मोबाइलवर टिंग झालं. पुणे. पुन्हा टिंग. सोलापूर. मग टिंग मोजायचं कुणी थांबलंच नाही, कारण तोवर परातीत पीठ पडलं होतं आणि सोप्यात थापण्याचा आवाज सुरू झाला होता.

पण माझं काम संपलं नव्हतं. अख्ख्या बसला पासवर्डचा भाग ठाऊक, तो ताबडतोब बदलायला हवा. मी 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. आकडा गेला गटाच्या सिमवर. सिम अक्काच्या मोबाइलात. मोबाइल अजून कंडक्टरकडेच, कारण त्यानं तो गावठाणाच्या वळणापर्यंत कौतुकानं हातातच धरला होता. त्यानं स्वतःहून फोन केला आणि तो आकडाही बसला ऐकू जाईल असा वाचून दाखवला. मी कपाळावर हात मारला, आकडा घातला, पासवर्ड बदलला.

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा आकडाही सगळ्या बसनं ऐकला होता. पण बिघडलं काय? काहीच नाही! तो एकदा वापरला की मेला. म्हाताऱ्यानं तो घरी जाऊन नातवंडांना सांगितला तरी चालेल. अक्काच्या चार भाषा जे करू शकल्या नाहीत, ते या दोन मिनिटं जगणाऱ्या आकड्यानं केलं होतं.

मी हे सांगायला आत धावले. आत्या तव्यासमोर बसली होती.

"आत्या, अक्काचा भाग आता सगळ्या बसला माहीत झालाय, पण..."

"मग काय झालं? आमाला तर कवाचा म्हाईत हाय."

मी थांबले. "कुणाला?"

"तिगींना. ती टाइप करताना मोठ्यानं म्हणतीया की. सात, ऐदु, नौ, एनिमिदि. दर येळंला. आमी भिंतीकडं तोंड केलतं, कान थोडेच बंद केलते? तूच एकटी लिंबाखाली जाऊन हुबी ऱ्हायचीस."

म्हणजे आळंदच्या गल्लीत अक्काचा तो भाग फक्त मला ठाऊक नव्हता. "मग सकाळीच सांगितलं कामून न्हाईस?" मी ओरडले. "पीठ कडू झालं असतं! तू बायकांना शब्द दिलेलास!"

आत्यानं भाकरी उलटली. "तिचा भाग व्हता. तिनं द्यायचा का न्हाई, ती ठरवणार. मी परस्पर दिला असता तर उद्या माझ्या भागाला कोण इचारणार?" मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन मी सांगितला असता तर फोटो बदलला असतास व्हय तू?"

मी बाह्या वर केल्या आणि परातीतलं पीठ मळायला घेतलं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट पक्की धरली आहे. पासवर्ड ठाऊक असणं वेगळं आणि तो वापरायचा हक्क असणं वेगळं. आत्याला ठाऊक होता आणि हक्क नव्हता, म्हणून तिनं पिठाची पोती पणाला लावली पण तो वापरला नाही. साधनाला मात्र एवढी लाज नसते. त्याला पासवर्ड कुणीही दिला तरी ते बटण दाबू देतं. म्हणून ती लाज आपण साधनात घालायची असते.

येळवस झाल्यावर मी गाडी नव्यानं बांधली. चार तुकडे रद्द. आता चौघींना आपापलं खातं आहे, आपापला पासवर्ड आहे, आणि तो दुसरीला सांगायची कधी गरजच पडत नाही. कुठल्याही दोघींनी आपापल्या मोबाइलवर 'हो' म्हटलं की गाडी सुटते. म्हणजे किल्ली एकीच्या गळ्यात नाही, आणि एक जण बसमध्ये फुगून बसली म्हणून गाव अडत नाही. टूलला सर्व्हरमध्ये शिरायला जो परवाना लागतो, तो आता कायमचा नसतो. बसच्या तिकिटासारखा असतो: आजचा, या फेरीचा, इथपासून तिथपर्यंत. फेरी संपली की कागदाची किंमत शून्य. जुनं तिकीट घेऊन कुणी चढलं तर उतरवलं जातं. फोटोच्या बाबतीत मात्र वेगळा ठराव झाला, तो अप्पांनी मांडला आणि एकमतानं मंजूर झाला. चटणी दिसत असेल असा कोणताही फोटो अक्काच्या 'हो'शिवाय जाणार नाही. पूर्ण वाटी, कडेला जागा सोडून.

चुलीवरचं जुनं पत्रक अक्कानं अजून काढलेलं नाही. त्याच्या शेजारी नवं लावलंय. मी विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यात नवऱ्याला सांगू नये लिवलंय, ते मला लागतं."

आता तुमच्याकडे येते. तुमच्या दुकानात, शाळेत, गटात किंवा कचेरीत सगळ्यांनी मिळून वापरायचा एक पासवर्ड असेलच. तो आज संध्याकाळच्या आत बदला. ज्याला खरंच काम आहे त्याला त्याचं वेगळं खातं द्या, कामापुरता हक्क द्या. काम संपलं की परत घ्या, आणि सोडून गेलेल्यांची नावं आजच काढून टाका. पण त्याआधी एक फोन करा. ज्या माणसावाचून तुमची गाडी सुटत नाही, त्याला विचारा की आमच्या फोटोत तुमची वाटी कुठं कापली तर गेली नाही ना. तो बसमध्ये चढायच्या आधी विचारा.